सुताराचा डावा पाय

पाठीच्या दवाखान्यात दोन बाकं होती, एक ऑपरेशनवाल्यांचं आणि एक व्यायाम-शेकवाल्यांचं. शेकवाल्या बाकावर शिंपीणबाईंचे डोळे मासिकात होते, पण कान केव्हाच शेजारच्या सुतार नवरा-बायकोकडे नांदायला गेले होते.

"अहो, पाय बधिर झाला तर ऑपरेशन लांबवू नका, असं डॉक्टर म्हणाले ना?"

"झाला तर! नुसत्या दुखण्याला व्यायाम पुरतो, हेही तेच म्हणाले. वाकल्या लाकडाला शेक द्यावा, लगेच करवत लावू नये."

"तुम्ही काय लाकूड आहात?"

"तुझ्या आईच्या मते ठोकळा आहे."

"घाबरलात म्हणा की सरळ."

"मी? त्या कागदावर ऑपरेशनचे दहा धोके लिहिलेत. नऊ वाचले मी, न घाबरता!"

"आणि दहावा?"

"चष्म्यावर घाम आला."

"डावा पाय खरंच जागा आहे ना?"

"टक्क जागा! मुंगी चढली तर नर की मादी ते सांगीन."

तेवढ्यात शिपाई एक चप्पल नाचवत आला. "जिन्यात कुणाची राहिली?"

सुतार खो खो हसला. "काय एकेक माणसं! पायातली चप्पल गेली तरी पत्ता नाही!"

बायको हसली नाही. ती त्याच्या डाव्या पायाकडे बघत होती. शिंपीणबाईंनीही मासिक खाली करून बघितलं. पाय अनवाणी होता.

सुतार मुकाट्याने उठला आणि ऑपरेशनवाल्या बाकावर जाऊन बसला. बायकोने चप्पल त्याच्यापुढे ठेवली.

"घाला."

त्याने पाय पुढे सरकवला.

"अगं, गेला का आत? तेवढं तू बघ."