गिरजाचं घर

अरे, साठ सालानंतरची गोष्ट सांगतो. पांढरकवड्याकडच्या एका गावात पाडलेल्या चर्चचा इतिहास शोधाले गेलतो. पारावर विचारलं, "इथं गिरजाघर कुठं होतं?"

"होतं काहून? आहे ना!" म्हणत लोकायनं मले एका म्हातारीच्या दारात उभं केलं. "हे गिरजाचं घर!"

मी कपाळावर हात मारला. म्हातारीले म्हटलं, "माय, मी ते पाडलेलं गिरजाघर शोधून राह्यलो."

ती हसली नाही. म्हणे, "दवाखान्यात जाता जाता माह्या मायले कळा सुटल्या. त्याच गिरजाघराच्या ओट्यावर मी झाली, म्हणून माहं नाव गिरजा. त्याचे दगड सडकेत गेले. आता गिरजा म्हणून मीच उरली, बाबू. विचार, काय विचाराचं ते."