दोनशे माड आणि एक म्हैस

विरारला आगाशीच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे एक पन्नाशीचं जोडपं उभं होतं. नवऱ्याच्या हातात लेकीचा जुना, खिशात मावणारा गेम होता.

"झालं एकदाचं. आपल्या अश्लेषानं यात घातलेलं कस्टम फर्मवेअर, ते बाहेरचं सॉफ्टवेअर, मी काढलं आणि कंपनीचं मूळचं परत बसवलं."

"काढलं?"

"साफ. भाच्याला वाढदिवसाला द्यायचा, तर दुकानातून आल्यासारखा द्यावा."

"अहो, त्यात माझी वाडी होती."

"कसली वाडी?"

"गेममधली. तीन वर्षं लावतेय. दोनशे माड, केळी, एक म्हैस."

"तू गेम खेळतेस? कधी?"

"तुम्ही बातम्या बघता तेव्हा."

"मला बोलली नाहीस!"

"तुम्ही म्हैस विकायला लावली असती."

"वसुंधरा, खरंच चुकलं गं. नवीन बसवताना मध्येच लाइट गेली तर गेम कायमचा बंद पडेल, एवढीच भीती होती मला. वाडीचं कुठे माहीत होतं?"

"तोंड पाडू नका. मेमरी कार्ड आधीच कॉपी करून ठेवलंय."

"कधी?"

"परवा, तुम्ही यूट्यूबवर शिकत होतात तेव्हा. तुम्ही काही साफ करायला घेतलंत की मी आधी माझं काढून घेते."

"म्हणजे वाडी आहे?"

"आहे. पण अश्लेषाच्या त्या फर्मवेअरशिवाय उघडत नाही."

"मग चल घरी."

"आणि वाढदिवस?"

"संध्याकाळी आहे. त्याला सायकल घेऊ."

"अहो, बस आली."

"जाऊ दे. मला तुझ्या वाडीत विहिरीजवळ जरा जागा देशील?"

"आधी ते परत बसवा. मग अर्ज करा."