विहिरीची पायरी आणि जनकाबाईचा हात

मी कारभारी देवबा क्षीरसागर, वय ४६, धंदा पिठाची गिरणी, राहणार मौजे पिंपळखेड, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा. आज ता. १९ मार्च १९६३ रोजी समक्ष हजर राहून सांगतो की,

मी हा जबाब देणार हे गावाला कळलं, तेव्हाच तो मला सव्वीस घरांच्या दळणाला पडला. ती घरं आता अडीच मैल डोक्यावर डबा घेऊन दुसऱ्या गिरणीवर जातात. मला त्यांच्या मानांची काळजी वाटते, बाकी काही नाही.

मी अकरा वर्षं दुसऱ्याच्या इंजिनाला तेल घातलं, मग स्वतःचं घेतलं. माझे कान पक्के आहेत. इंजिन चालू असताना दाराबाहेर कोण काय कुजबुजलं ते मी सांगतो. गावाला हे माहीत आहे.

ता. १२ रोजी दुपारी चारच्या सुमारास गिरणीमागच्या बोळात मोठे शेतकरी शेषराव यांचा आवाज आला, "बैल मरून पडला सकायपासून. ओढून काऊन नाही नेत वं तुमचे लोकं?"

जनकाबाई, बौद्ध, मजुरी करणारी विधवा, हिने उत्तर दिले, "ते काम आम्ही सोडलं. तुमचा बैल, तुमीच ओढा."

नंतर काठीचे तीन आवाज. नंतर बाई ओरडली. तिचा उजवा हात मोडला आहे.

शेषराव सांगतात की बाई गावविहिरीच्या पायरीवरून पडली. त्या विहिरीवर तिच्या लोकांना चढू देत नाहीत. मग ती पायरीवर पोचली कशी, हे त्यांना विचारावे.

ता. १४ रोजी त्यांचे चुलते माणिकराव गिरणीत आले. म्हणाले, "कारभारी, तिचं दळण घ्यायचं नाही. अन् तुले काईच ऐकू आलं नाही."

मी म्हणालो, "हाव दादा, इंजिनाचा लय आवाज. तुमी आता काय बोलले, तेबी नाही ऐकू आलं."

माझ्याकडे आल्या क्रमाने डबे लागतात. त्या दिवशी जनकाबाईचा डबा मी उचलून पहिला लावला, माणिकरावांच्या डब्यापुढे.

गावातून दुसरा साक्षीदार नाही. मी जबाब फिरवणार नाही. कोर्टातही हेच सांगेन.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. एक गोष्ट राहिली होती, ती मी आग्रहाने लिहायला लावली : बाई ओरडली तेव्हा मी इंजिन बंद केले नाही. घातलेला पायलीभर दाणा संपवला, मग बाहेर गेलो.