फेटा अर्धाच राहिला

फेटा म्हंजी माणसाची इज्जत, असं समदीच म्हणत्यात, आनि मी जन्मभर तीच बांधत आलोय, फकस्त सत्कार उरकला की ती इज्जत गोळा करून पोत्यात भरून घरी आणायला लागती, न्हाईतर दुसऱ्या दिवशी लग्नाला कमी पडती. आमचं गाव जत तालुक्यातलं. बाप मिल्ट्रीत हुता, तिथनं पगडी बांधायला शिकून आला, त्याच्याकडनं मी शिकलो. आता सांगलीत ऱ्हातो, मी आनि बायको सुमन.

एका आठवड्यात काय झालं, सकाळी अंथरुणातनं उठून हुबा ऱ्हायलो की डावा हात आपसूक हलायचा. थरथर न्हाई, कसं सांगू तुमाला, लांबच्या माणसाला बोलवल्यागत, वर-खाली, वर-खाली. मी म्हणायचो थांब, तर थांबायचा न्हाई. दोन-चार मिंटांनी गप. सुमन म्हणाली, आवं, कुणाला बोलवताय? मी म्हनलं, मुंग्या आल्यात. आतनं लय भ्यालो हुतो, पर लगीनसराई हुती, फेटेवाल्याचा हात हलतोय असं एकदा गावभर झालं की त्याला कोण बोलवणार? दवाखान्यात गेलो न्हाई. माझी चूक हाय ती, तुमी लिवून घेताय तर हेबी लिवा.

मग एका पुढाऱ्याचा सत्कार. साहेब खुर्चीत, दोन वेढं झालेलं, मी खाली वाकून कापड उचललं, हुबा ऱ्हायलो आनि हात सुटला. कापडासकट. लोकांना वाटलं गडी कला दाखवतोय, टाळ्या पडल्या, एकानं शिट्टी मारली. कापड साहेबांच्या तोंडावर, माइकवर, आनि मी आतनं वरडतोय पर शब्दच फुटंना. मला वाटलं भ्यानं बोबडी वळली. दवाखान्यातल्या डाक्टरीणबाई मागनं म्हणाल्या, ते भ्या नव्हतं.

साहेब कापडाआडनं म्हणालं, सकाळीच लावून आलास व्हय रं? झालं. हवालदारानं मला जीपमधी घातला, दारू तपासायला सरकारी दवाखान्यात. फेटं गोळा करायला संगं आलेली सुमन मागं बसली, सारखी म्हणतीया, आवं ह्यांनी उभ्या जन्मात थेंब शिवला न्हाई, हवालदार म्हणतोय, मावशी, समद्यांच्या बायका हेच सांगत्यात. मी उजव्या हातानं डावा दाबून धरलेला, कोंबडं धरल्यागत, तरी फडफड करतंय. काय सांगू तुमाला, आपलाच हात, पर त्याला माझी वळखच न्हाई. म्हनलं आता दुसराबी गेला तर घास कुणी भरवायचा?

डाक्टरीणबाईंनी तोंडाचा वास घेतला, रगत काढलं, मग म्हणाल्या, हसून दाखवा. मी हसलो तर तोंड एकाच बाजूला गेलं, सुमन रडायला लागली. बाईंनी इचारलं कवापासनं हाय, सुमननं समदं सांगितलं. बाई हवालदाराला म्हणाल्या, प्यालेला मानूस दोन्हीकडनं हलतो हो, ह्यांचं एकच अंग हलतंय. मग मशिनीत घातलं. मानेतली रक्तवाहिनी चोंदलेली. हुबं ऱ्हायलं की मेंदूला रगत पुरंना, म्हणून हात हलायचा, लकव्याची आधीची वर्दी हुती ती, आनि मी मुंग्या म्हणत बसलो.

मानेचं आपरेशन झालं. जीभ सुटली, हातबी गप झाला, फेटं बांधतोय, सावकाश. पर सकाळी उठताना आधी काठावर बसतो, हाताकडं बघतो, हलत न्हाई ना, मगच हुबा. सुमन चुलीपाशी कामात असल्यागत दावती, पर तिचंबी ध्यान हाताकडंच असतंय. साहेबांचं देव भलं करो, त्यांनी दारुड्या ठरवलं म्हणून येळंत पोचलो.

दारूसाठी काढलेल्या रगताचा रिपोर्ट मातुर अजून आलेला न्हाई.