खोट नसलेलं घर

ऐका. अन् ते लाकूड शेकोटीत सारा आधी, पाठ गारठली माझी.

काय म्हणालास, सोपाना? ओढ्यापलीकडच्या रिकाम्या घराच्या पायऱ्या ढासळल्यात? गप! त्या घराला नावं ठेवू नगंस. का, तेच सांगतो.

आपल्या गावात दाजिबा बुरूड होता. टोपल्या विणायचा. भावाच्या एका खोलीत समद्यांचा संसार, त्यात बायको ठकू सात महिन्यांची पोटुशी. भावजय दिवसभर भांडी आपटायची. तवा हे घर विकायला निघालं. दाजिबा दिवसा बघून आला. छप्पर गळकं, आढ्याला वाळवी, सैपाकघरात अंधार. मालक म्हणाला, सकाळपातूर काय ते सांग, दुसरं गिऱ्हाईक हाय.

झालं! दाजिबाला घास जाईना. घ्यावं तर घर पडकं, सोडावं तर बाळंतीण ठेवायची कुठं? ह्या कुशीवरनं त्या कुशीवर. शेवटी उठलाच.

"परत एकदा बघून येतो."

"अवो, अवसेची रात हाय. सकाळी जावा की," ठकू म्हणाली.

ऐकतोय कशाला! कंदील घेतला, ओढा ओलांडला. बघतो तर दारात एक म्हातारी. नीटनेटकं लुगडं, कपाळावर आडवं कुंकू.

"ये लेकरा. घर बघाय आलास न्हवं?"

ह्याला वाटलं, मालकाची कुणीतरी असंल. म्हणाला, "आलो, मावशी. पण छप्पर गळकं हाय."

"वर बघ की."

आत शिरून दाजिबानं कंदील वर धरला. कौलं शाबूत! दिवसा तिथनं आभाळ दिसत होतं, आता एक फट न्हाई.

"बरं... पण आढ्याला वाळवी..."

म्हातारी दारातच उभी हां, जागची हलली न्हाई. हात मातर वर गेला. लांब, लांब, पार आढ्यापातूर! अन् तिनं आढं वाजवलं. ठण! ठण!

दाजिबा चार पावलं मागं सरला. पण भ्यालेल्या माणसाचं तोंड थांबतंय व्हय? बोलून गेला, "सैपाकघरात अंधार लई..."

भिंत आपसूक सरकली. खिडकी झाली. त्यातनं चांदणं आत आलं. अवसेला चांदणं, बाबांनो!

"आणि काय खोट हाय? सांग. समदं करून देते. मला घरात माणसं पायजेत रं. तू फकस्त 'घेतलं' म्हण." तिच्या मागं दार धाडकन लागलं.

दाजिबानं शेवटचा डाव टाकला. "घरी इचारून सांगतो."

हसू नका. तुम्हीबी हेच म्हणून सुटता! पण म्हातारी म्हणाली, "इचार की. ती बघ."

चुलीपाशी ठकू! पाठमोरी. तेच हिरवं लुगडं, तीच बसायची ढब. जाळ सारत म्हणती कशी, "लई झ्याक घर हाय. आपलं लेकरू हितंच रांगंल."

दाजिबाचा जीव पाघळला. किती दिसांनी बायको सुखानं बोलली होती! शब्द ओठावर आला. "घे..."

"म्हणा की, दाजिबा!"

जीभ तिथंच अडली. अरं, ठकूनं नवऱ्याचं नाव घेतलं ते एकदाच. लग्नात, उखाण्यात, तेबी बायकांनी दार अडवलं म्हणून. म्हैस अंगावर आली तरी 'अवो'च्या पुढं गेली न्हाई ती!

"तू माझी ठकू न्हवंस!"

ती वळली. पुढनंबी पाठच! नुसते केस!

दाजिबानं कंदील फेकला अन् त्याच खिडकीतनं उडी टाकली. तक्रार केली म्हणून झालेली खिडकी, तीच कामाला आली. पळतोय, पळतोय! मागनं म्हातारीचा तो लांब हात. ओढ्यात मुंडासं ओढून घेतलं तिनं, डोकं तेवढं वाचलं. अन् वरनं रडतीय, "काय खोट राह्यली रं? सांग की!"

घरी ठकू दारात. "अवो, कुठं हुता?" ते 'अवो' ऐकलं अन् गडी उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडला.

सकाळी मालकानं इचारलं, खोट काय निघाली? म्हणाला, "एकबी न्हाई. म्हणून तर नगं." मग गावाच्या कडंला त्यानं बांबूच्या तट्ट्याचं खोपाट बांधलं. पावसात गळायचं. पोरगं तिथंच रांगलं. ठकू गळतीखाली पातेलं ठेवायची अन् दाजिबा म्हणायचा, "गळू दे. आपल्या हातचं हाय."

तर बाबांनो, दिस मावळल्यावर ओढ्याच्या वाटंला जाऊ नका. अन् सोपाना, उद्या लांबनंच बघ. त्या पायऱ्या नीट झाल्या असतील.