सख्ख्याचं रक्त

मी मूळचा किन्हीराजा गावचा. बाप सालदार होता, मी गाडी शिकलो, अन् आता बारा वर्सं झाले, वाशिमच्या एका रक्तपेढीची गाडी चालवतो. कोन्या नेत्याचा वाढदिवस आला का आमची गाडी शिबिराले निंघाली. नेता खाटेवर झोपते, बाही वर करते, फोटो काढून घेते अन् सुई टोचाच्या आधीच उठते, त्याले पुढच्या शिबिराले जायचं असते. रक्त देते ते मांगं रांगेत उभे असलेले लोक, त्याइचा फोटो नसते.

तर काय सांगू तुमाले, पेशंटचे नातेवाईक पेढीवर यायचे, पार बावचळलेले, अन् मले गाडीपाशी गाठून विचारायचे का भाऊ, तयार पिशवी घेऊ का आमीच देऊ. मी म्हनो, सख्ख्याचं द्या बापा, परक्याचं कायले चढवता, सख्ख्याचं आंगाले मानवते. मले हे कोन्या डॉक्टरनं नोतं सांगतलं. आमच्याकडं समदेच असं म्हन्तेत, अन् मी तर रक्तपेढीचा मानूस, माह्या शब्दाले वजन.

मंग माह्या धाकट्या बहिणीले, कांताले, रक्ताचा कॅन्सर निंघाला. नागपूरले नेलं. रक्त लागन म्हन्ले, तशी म्या बाही वर केली, गटबी एकच. तिथल्या डॉक्टरीनबाईले ऐटीत सांगतलं, मॅडम, मी रक्तपेढीतला हाव, हिले परक्याचा एक थेंब चढू देनार नाही. त्या म्हन्ल्या, भाऊ, हिले सगळ्यात जास्त धोका तुमच्याच रक्ताचा हाय.

मले वाटलं, बाई मस्करी करून राह्यली. मंग त्याइनं बसवून समजावलं. रक्तात पांढऱ्या पेशी असतेत. परक्याच्या असल्या का आंग ओळखते अन् मारून टाकते. सख्ख्याच्या असल्या का आंगाले वाटते आपल्याच हायेत, राहू देते, मंग त्या आतमंदी वाढतेत अन् त्याच आंगावर उठतेत. कातडी, आतडी, हाडातला गाभा, काहीच सोडत नाहीत. होते क्वचित, पन झालं का मानूस बहुतेक वाचत नाही. म्हनून पिशवी मशिनीत ठेवून तिले किरनं देतेत, काही मिनिटाचं काम, मंग त्या पेशी वाढत नाहीत. कांताचं आंग तर औषधानं पार कमजोर, तिले सख्ख्याचं नकोच, परक्याचं रक्तबी किरनं देऊनच.

आमच्या वाशिमच्या पेढीत तशी मशीन नोती. मले कांता दिसेना, मले गाडीपाशी आलेले लोक दिसाले लागले. कारंज्याचे दोघं भाऊ होते, बापासाठी आलेले, म्याच त्याइले समजावून आत धाडलं होतं. त्या बापाचं मंग काय झालं, मले मालूम नाही. आमी पिशवी पाहतो, मानूस कुठं पाहतो. मॅडमले विचारलं तर म्हन्ल्या, बहुतेकाइले काही होत नाही. तो ‘बहुतेक’ शब्द अजून माह्या छातीत हाय.

आता कांता घरी हाय, तपासनीले न्या लागते, पन भाकरी थापते अन् माह्यावर डाफरते. परवा म्हने, दादा, तू तर रक्त देनार होता, काहून नाही देलं? म्या म्हनलं, जीव लावतो म्हनून नाही देलं.

कोन्या परक्याचं तिच्या आंगात हाय, त्याचं भलं होवो. मीबी देतो आता, दर तीन महिन्याले, शिबिरात, फोटोवाला गेल्यावर. माह्यं रक्त कोनाले जाते, मले मालूम नाही. ज्याले जाईन तो माह्या नात्यातला नसो, एवढंच.