हौदातलं शेवाळ

रिपोर्ट बघून मला घामच फुटला होता राव. पोवळ्याच्या पोटात जे शेवाळ राहतं, त्याची जात मी नांदेडच्या लॅबमध्ये डीएनएवरून शोधून राहिलो होतो. नमुने मालवणच्या समुद्रातले, आणि शेवाळ निघालं गोड्या पाण्यातलं. सरांनी विचारलं, "नमुने ठेवले कुठं होते?"

लॅबचा फ्रिज बंद पडला तेव्हा दोन दिवस मुखेडला घरी ठेवले होते. आईला फोन लावला. नमुन्यांना कुणी हात लावला का, विचारलं.

"पोवळं म्हणजे देवाधर्माचं, म्हणून देवांसंगं चिंचेनं घासलं. हिरवं समदं निघून गेलं बाबा. तू वरडशील म्हणून हौदातलं लावून ठिवलं."

"आई, ते तपासणीत उघडं पडलं."

"अगं बया, शेवाळाचं बी गाव कळतं व्हय?"